बांधावरचं रोप

विहिरीच्या गोष्टीतल्या तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. शब्द होता ‘स्वच्छ’. चौथीतली पोर. दोन वेण्या, लाल रिबिनी, व्हरांड्यात मांडी घालून बसलेली. आधीच्या दोन ओळी तिनं बोट सरकवत, अडखळत का होईना, वाचल्या होत्या. आता बोट हलेना. ‘स’ म्हणाली आणि मान वर करून तिनं समोर बसून चाचणी घेणाऱ्या सर्वेताईकडे पाहिलं. सर्वेताईनं चेहरा कोरा ठेवायचा असतो, तसा तो होता. फक्त ओठ किंचित पुढे आले, ‘स्व’ म्हणताना येतात तसे. पोरीनं ते पाहिलं. “स्वच्छ,” ती म्हणाली आणि उरलेली गोष्ट सरसर वाचून मोकळी झाली. सर्वेताईनं फॉर्मवर ‘गोष्ट’ या रकान्यात खूण केली आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

हे घडायला दहा सेकंदही लागले नसतील. त्यानंतर मी या कामामागे बरीच फिरले, पुष्कळ काही वाचलं, जाणकारांना प्रश्न विचारले. पण मन पुन्हा पुन्हा त्या दहा सेकंदांपाशी येतं.

मी तिथे गेले त्याला कारण झाला पुण्यातला एक कार्यक्रम. शाळेतल्या मुलांच्या वाचनासाठी चाललेल्या एका उपक्रमाची माहिती पडद्यावर दाखवत होते. दोन खांब होते, ‘आधी’ नावाचा बुटका आणि ‘नंतर’ नावाचा उंच. टाळ्या झाल्या. माझ्या मागच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, “ज्या मुलांची दुसरी चाचणी झालीच नाही, त्यांचं काय केलंत?” उत्तर द्यायला सुरुवात झाली तोवर चहाची वेळ झाली होती. प्रश्न तसाच राहिला, आणि माझ्याबरोबर घरी आला. अशा उपक्रमांची पारख करणाऱ्या एका गटाला मी विनंती केली, की तुमची माणसं गावात जातात तेव्हा मला बरोबर न्या. गटाचं, गावाचं, माणसांचं नाव लिहायचं नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली.

गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या रांगेतलं. फेब्रुवारी महिना. जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा. उपक्रम असा, की गावातलीच बारावी झालेली एक मुलगी रोज दोन तास तिसरी-चौथीच्या मुलांना वाचायला शिकवते. ऑगस्टमध्ये मुलांची पहिली चाचणी झाली होती, तिला सगळे ‘बेसलाइन’ म्हणतात. आता ‘एंडलाइन’. चाचणी साधी आहे. अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट, अशा पायऱ्या असलेलं एक कार्ड. मूल ज्या पायरीपर्यंत नीट चढतं, ती त्याची पातळी. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून निघणाऱ्या ‘असर’ अहवालामुळे ही पद्धत आपल्याकडे ओळखीची झाली आहे. एका वेळी एक मूल, आवाज चढवायचा नाही, शाबासकी द्यायची नाही, रागवायचं नाही. खूण करून पुढे.

मागच्या खोलीत खिचडीला फोडणी पडली. मोहरीच्या वासानं व्हरांड्यातली पोरं चुळबुळायला लागली. तोवर १९ मुलं झाली होती. गुरुजी मनानं मोकळे. त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं हिशेब मांडला. ऑगस्टमध्ये २६ पैकी ११ मुलं गोष्ट वाचत होती, म्हणजे ४२ टक्के. आज १९ पैकी १२, म्हणजे ६३ टक्के. “२१ टक्के वाढले, मॅडम! लिहा पेपरात.” त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता. त्या मुलांसाठी हा माणूस रोज बावीस किलोमीटर मोटारसायकल दामटत येतो. २१ हा आकडा त्यांच्या कष्टाचा होता. मी तो वहीत लिहून घेतला.

“आणि बाकीची ७?” सर्वेताईनं विचारलं.

“ती कारखान्याला गेली, ऊसतोडीला. दिवाळी झाली की जातात. आता एकदम उन्हाळ्यात येतील.”

बीडमधल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. नवरा-बायकोचा एक कोयता ठरतो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, मग बैलगाडीबरोबर नाहीतर ट्रकमध्ये लेकरंही जातात. काही मुलं हंगामी वसतिगृहात मागे राहतात. या ७ जणांना तसं कुणी ठेवलेलं नव्हतं.

खिचडी झाल्यावर आम्ही त्यांच्या घरांकडे गेलो. तीन घरांना कुलूप होतं. चौथ्याच्या ओट्यावर एक आजी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. “लेकरू न्हाई इथं,” ती म्हणाली. “धाकटीला सांभाळाया नेलंय.” सर्वेताईनं यादीत त्या नावापुढे काहीतरी लिहिलं. मी डोकावले. इतर बऱ्याच फॉर्मवर अशा ठिकाणी नुसती फुली असते. तिनं लिहिलं होतं : स्थलांतर, आजी भेटली, मुकादमाचं नाव विचारलं.

त्या संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर तिनं ऑगस्टचे फॉर्म काढले. गेलेल्या ७ मुलांत तेव्हा गोष्ट वाचणारं एकच होतं. म्हणजे आज हजर असलेल्या १९ मध्ये ऑगस्टमध्येच १० वाचणारी होती. १९ पैकी १०, म्हणजे ५३ टक्के. वर्ग ४२ वरून ६३ वर गेला असं फळ्यावर दिसत होतं. प्रत्यक्षात हीच १९ मुलं ५३ वरून ६३ वर आली होती. २१ मधला निम्म्याहून थोडा जास्त भाग कच्ची मुलं निघून गेल्यामुळे तयार झाला होता. कुणी खोटं बोललं नव्हतं. फळ्यावरची एकेक संख्या बरोबर होती. (या ४२ च्या ६३ ला कुणी ‘दीडपट झालं, ५० टक्के वाढ’ असंही छापू शकतं, आणि त्याचाही भागाकार बरोबरच असेल.)

पुण्यातल्या त्या गृहस्थांचा प्रश्न मला त्या रात्री नीट कळला. गळालेली मुलं कशीही गळत नाहीत. पोट ज्यांना गावाबाहेर नेतं ती गळतात, आणि बहुतेकदा तीच वाचनात मागे असतात. उरलेल्यांची सरासरी आपोआप वर जाते. चाळणीत राहिलेलं मोजायचं आणि पीठ किती जाडं झालं म्हणून आश्चर्य करायचं, तशातला हा प्रकार.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या गाडीवर मागे बसले होते. घाटात गाडी हळू केली तेव्हा ती मागे न बघता म्हणाली, “ताई, काल त्या लाल रिबिनवालीच्या वेळी माझे ओठ हलले का?”

मी म्हटलं, “हलले.”

“मला वाटलंच.” मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

मला तेव्हा सुखात्म्यांची आठवण झाली. पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेपर्यंत पोचलेले मोठे संख्याशास्त्रज्ञ. १९४० च्या दशकात देशातलं पीक किती, याचा अंदाज काढण्यासाठी शेतात ठरावीक आकाराचा तुकडा आखून तेवढंच कापून मोजायचे. तो तुकडा केवढा असावा, यावर वाद होता. सुखात्म्यांनी दाखवून दिलं, की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. कारण रेघेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, हे कापणाऱ्याला ठरवावं लागतं, आणि माणसाचा हात ते आत ओढतो. लहान तुकड्यात आतल्या रोपांच्या मानानं रेघेवरची रोपं जास्त, म्हणून चूकही जास्त. यात लबाडी नाही. भरलेलं कणीस बाहेर टाकवत नाही, इतकंच. व्हरांड्यातली ती पोर म्हणजे असंच बांधावरचं रोप होतं, आणि सर्वेताईच्या ओठांनी ते आत घेतलं.

दया मोजणीत कशी शिरते, याची सगळ्यात मोठी गोष्ट स्कॉटलंडमधली आहे. १९३० साली लॅनार्कशरमध्ये शाळेत रोज दूध दिल्यानं मुलांची वाढ किती होते हे पाहायचं ठरलं. ६७ शाळा, २०,००० मुलं. १०,००० जणांना चार महिने दूध, १०,००० जणांना नाही. कुणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून किंवा नावांच्या क्रमानं ठरायचं होतं. पण एका बाजूला धडधाकट किंवा रोडावलेली मुलं फार जमली असं वाटलं, तर अदलाबदल करायची मोकळीक शिक्षकांना ठेवली होती. शिक्षकांनी काय केलं असेल ते सांगायला नको. समोर हाडं दिसणारं पोर असताना दुधाची बाटली दुसऱ्याला कोण देईल? निकाल हाती आले तेव्हा असं निघालं, की दूध न मिळालेली मुलं मुळातच उंचीनं आणि वजनानं सरस होती. वजनात सुमारे तीन महिन्यांच्या वाढीइतकी, उंचीत चार महिन्यांच्या. डब्ल्यू. एस. गॉसेट हे गिनेस या मद्य कंपनीत काम करत आणि ‘स्टुडंट’ या टोपणनावानं लिहीत. त्यांनी १९३१ मध्ये या प्रयोगाची चिरफाड केली. त्यात त्यांनी कपड्यांचाही मुद्दा काढला. मुलांची वजनं अंगावरच्या कपड्यांनिशी घेतली होती, फेब्रुवारीत आणि जूनमध्ये. सुखवस्तू घरातल्या मुलाच्या अंगावरून थंडीतले जाड कपडे जूनपर्यंत उतरले, म्हणजे त्याचं वजन तेवढं घटलेलं दिसणार. गरीब मुलाच्या अंगावर आधीच कमी कपडे होते, त्याचं काय उतरणार? २०,००० मुलांच्या प्रयोगापेक्षा एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घेतल्या असत्या तरी जास्त भरवशाचं उत्तर मिळालं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या शिक्षकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. मी तिथे असते तर मीही तेच केलं असतं. म्हणूनच निवड माणसाच्या हातात ठेवू नये, चिठ्ठीच्या हातात ठेवावी, हे मला पटलं.

आमच्या गुरुजींचं आणखी एक म्हणणं होतं. “सगळ्यात कच्ची होती ना, तीच सगळ्यात पुढे सरकली बघा.” यादी पाहिली तर ते खरं होतं. ऑगस्टमध्ये अक्षरांवर अडकलेली काही मुलं दोन-दोन पायऱ्या चढली होती. पण त्या यादीत ऑगस्टच्या तारखेला तापानं फणफणलेलं एक मूल होतं, आणि एक अनोळखी माणसाला बघून तोंडच न उघडलेली मुलगी होती. एका दिवसाच्या चाचणीत जी मुलं सगळ्यात खाली दिसतात, त्यांतल्या काहींचा तो दिवस वाईट असतो. दुसऱ्या चाचणीला दिवस नेहमीसारखा असला की गुण वाढतात, मधे कुणी काही शिकवलं नाही तरी. फ्रान्सिस गॉल्टननं १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासात ही सरासरीकडे परत येण्याची चाल मांडली होती. चिली देशात १९९० मध्ये ‘पी-९००’ नावाचा कार्यक्रम निघाला. १९८८ च्या परीक्षेत सर्वांत कमी सरासरी असलेल्या सुमारे ९०० शाळा निवडून त्यांना पुस्तकं, प्रशिक्षण, जादा शिकवणी दिली. शाळा झपाट्यानं सुधारल्या म्हणून कौतुक झालं. पुढे चे, मॅकइवान आणि उर्कियोला या तिघा अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं, की सुरुवातीच्या त्या वाढीचा बहुतेक भाग निव्वळ असा परत येण्याचा होता. कार्यक्रमाचा गुण होता, पण लोकांना वाटला त्यापेक्षा फार थोडा. ‘मागास’ शाळांच्या याद्या काढून त्यांना मदत देणाऱ्या प्रत्येक कचेरीत ही चिलीची गोष्ट माहीत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या दिवशीची शाळा ‘कंट्रोल’ची होती. म्हणजे चिठ्ठीत जिला उपक्रम मिळाला नाही ती. तिथल्या बाई आमच्याशी जरा तुटकच वागल्या, आणि मला त्यांचं चुकलं असं वाटलं नाही. वर्षातून दोनदा येता, पोरांना तपासता, देत काही नाही. बोलता बोलता त्यांनी कपाटातून वाचनकार्डांचा एक गठ्ठा काढला. शेजारच्या गावातल्या उपक्रमाच्या वर्गातून त्यांनी तो झेरॉक्स करून आणला होता. सर्वेताईनं माझ्याकडे पाहिलं. ज्या शाळेशी तुलना करायची, तिथेही औषधाचे चार थेंब पोचले होते. आता दोन्हींमधला फरक कमी दिसणार, आणि कुणीतरी म्हणणार, उपक्रमात दम नाही. तिनं तेही लिहून घेतलं. बाईंना तिनं कार्डं परत कपाटात ठेवायला सांगितलं नाही. मला ते आवडलं.

ही कंट्रोलची शाळा नसती तर काय झालं असतं, हे केनियातल्या एका अभ्यासावरून समजतं. शाळांमध्ये भिंतीवर लावायचे तक्ते होते. ज्या शाळांत तक्ते आहेत तिथल्या मुलांचे गुण जास्त दिसत होते. नुसत्या त्या तुलनेवर भिस्त ठेवली असती तर तक्ते म्हणजे स्वस्त आणि गुणकारी औषध ठरलं असतं. मग १७८ शाळांपैकी निम्म्यांना, ८९ शाळांना, तक्ते देऊन पाहिले. फरक दिसला नाही. तक्ते असणाऱ्या शाळांत मुळातच दुसरं काहीतरी चांगलं असणार, बहुधा पालक किंवा मास्तर.

गटाच्या पुण्यातल्या कचेरीत हिशेब करणारा तरुण मला भेटला. त्याला मी अभिमानानं विचारलं, “किती मुलं झाली एकूण?” तो म्हणाला, “मुलं विचारू नका, शाळा विचारा.” मला कळलं नाही. त्यानं समजावलं. चिठ्ठ्या मुलांच्या टाकल्या नव्हत्या, शाळांच्या टाकल्या होत्या. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. गुरुजी एक, गाव एक, पाऊस न पडलेलं वर्ष एक. गुरुजी महिनाभर आजारी पडले तर सगळ्या वर्गाचा महिना जातो. म्हणून वीस मुलं म्हणजे वीस सुटे साक्षीदार नव्हेत. त्यानं कागदावर करून दाखवलं. समजा एका शाळेतली २० मुलं तपासली आणि त्यांच्यातलं साम्य ०.२ धरलं, तर एकोणीसला ०.२ नं गुणायचं, त्यात एक मिळवायचा. आले ४.८. आता १,००० मुलांना ४.८ नं भागा. १,००० मुलांच्या पुराव्याचं वजन सुमारे २०८ मुलांइतकंच. हे विसरून हिशेब केला, तर योगायोगही सिद्धांतासारखा ठाम दिसायला लागतो.

मग तो आमच्या शाळेवर आला. “१९ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे पाच टक्के. एका पोराला सर्दी झाली की वर्ग पाच टक्क्यांनी खाली.” लहान पटाच्या शाळा गुणांच्या यादीत सगळ्यात वरही असतात आणि सगळ्यात खालीही, हे संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी अमेरिकेतल्या शाळांच्या गुणांवरून दाखवलं आहे. तिथे यादीच्या नुसत्या वरच्या टोकाकडे पाहून ‘लहान शाळा उत्तम’ असा समज झाला आणि त्यापायी मोठा पैसा ओतला गेला. आपल्या वाडी-वस्तीवरच्या वीस-पंचवीस पटाच्या शाळांना ‘आदर्श’ किंवा ‘निकामी’ ठरवताना हे कुणी लक्षात घेतं का, हा प्रश्न मला तिथून निघताना छळत राहिला. शाळा बंद करायची की ठेवायची याचे निर्णय या आकड्यांवर होऊ लागले, तर एका पोराच्या सर्दीवर गावाची शाळा जाईल.

त्याच तरुणानं आणखी एक आकडा सांगितला : ६४. उपक्रमाचा खरोखर काहीच उपयोग नसला, पण तुम्ही वाचन, गणित, हजेरी, आत्मविश्वास, मुलींचं वेगळं, मुलांचं वेगळं, अशा वीस स्वतंत्र गोष्टी तपासल्या, तर नेहमीच्या कसोटीवर निदान एखादी तरी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ६४ टक्के. मग तेवढीच एक पडद्यावर येते. यावर उपाय म्हणून काय मोजणार हे आधीच लिहून नोंदवून ठेवायचं. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशननं २०१३ पासून अशी उघडी नोंदवहीच ठेवली आहे. या गटानं आपला कागद ऑगस्टच्या आधी नोंदवला होता. त्यावर एकच मुख्य ओळ होती : गोष्ट वाचणारी मुलं, गळालेल्यांसह.

मी तिथे असतानाच फेरतपासणीचे फॉर्म आले. काही मुलांची चाचणी दुसऱ्याच माणसानं, दुसऱ्या कार्डावर पुन्हा घ्यायची, असा नियम आहे. सर्वेताईनं लाल रिबिनवालीचं नाव आपणहून त्यात घातलं होतं. नवीन माणसासमोर, ओढ्याच्या गोष्टीत, ती पोर दोन ठिकाणी अडली. तिची पातळी ‘परिच्छेद’ लागली. म्हणजे १२ चे ११ झाले. ६३ चे ५८. आणि ५३ पासून ५८ म्हणजे एक मूल. गुरुजींच्या २१ मधले ५ उरले, आणि ते ५ म्हणजे एक मूल. ऑगस्ट ते फेब्रुवारीत एखादं मूल कुठल्याही वर्गाविना वाचायला लागतंच. ते किती लागतं, हे सांगायला तुटक वागणाऱ्या बाईंची शाळा हवी.

मला वाईट वाटलं. आकडा घसरला त्यापेक्षा गुरुजींना हे कोण आणि कसं सांगणार याचं. त्यांचे कष्ट २१ होतेच, ते कुणी कमी केले नव्हते.

इतकं सगळं ऐकल्यावर माणूस म्हणेल, मग काहीच खरं नाही का? आहे. आणि त्याचा एक दाखला मुंबईतलाच आहे. ‘बालसखी’ हा प्रथमचा कार्यक्रम. वस्तीतली तरुण मुलगी महापालिकेच्या शाळेतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं शिकवायची. मुंबईत आणि वडोदऱ्यात त्याची पारख अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांनी केली. बॅनर्जी जन्मानं मुंबईचे, आई मराठी. वडोदऱ्यात एका वर्षी काही शाळांत तिसरीला बालसखी, बाकीच्यांत चौथीला. पुढच्या वर्षी उलट. त्यामुळे कुठलीच शाळा रिकाम्या हातानं राहिली नाही आणि तुलनाही मिळाली. परीक्षेला गैरहजर असलेल्या मुलांसाठी माणसं शाळेत पुन्हा पुन्हा गेली. तरीही न सापडलेल्यांना शाळेबाहेर शोधून त्यांची परीक्षा घेतली. २००७ मध्ये छापलेला निकाल असा : पहिल्या वर्षी गुणांत ०.१४ प्रमाण-विचलनाची वाढ, दुसऱ्या वर्षी ०.२८. वर्ग सुटल्यावर वर्षभरानं ती सुमारे ०.१ वर आली, हेही त्यांनी त्याच निबंधात सांगितलं. पडद्यावरच्या उंच खांबापुढे हे आकडे किरकोळ वाटतील. मला त्या ०.१ वर जास्त विश्वास वाटतो. कुणीतरी गल्लीबोळांत मुलं शोधत फिरलेलं आहे त्यात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सर्वेताईचा फोन आला. सगळ्या गावांतल्या गळालेल्या मुलांमधून चिठ्ठ्या टाकून काही नावं काढली होती, ती कुठेही असली तरी गाठायची. आमच्या गावातल्या ७ पैकी २ निघाली होती. “येताय का?”

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या पट्ट्यात आम्ही संध्याकाळी पोचलो. हवेत मळीचा आंबूस वास आणि कुठेतरी पेटवलेल्या पाचटाचा धूर. तोडलेल्या फडाच्या कडेला चटईच्या आणि बांबूच्या कोप्यांची रांग. बायका वाढ्यांचे भारे बांधत होत्या. आम्हाला हवा होता तो मुलगा कोपीच्या दाराशी बसला होता, मांडीवर धाकटी बहीण झोपलेली. ओट्यावरच्या आजीचा नातू. ऑगस्टमध्ये त्याची पातळी ‘शब्द’ होती. कचेरीतल्या त्या तरुणानं मला सांगून ठेवलं होतं, की ७ पैकी २ गाठायची म्हणजे या एकेका मुलाच्या वाचनावर साडेतीन मुलांचं वजन आहे.

सर्वेताईनं बसण्याआधी ओढणी नाकावरून घेऊन तोंडाभोवती बांधली. मला वाटलं धुरासाठी.

त्यानं बहिणीला न हलवता कार्ड एका हातात धरलं. अक्षरं वाचली, सगळी नाही पण पुरेशी. शब्दांवर आला. पहिला बरोबर. दुसऱ्यावर बोट थांबलं. त्यानं मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे निळी ओढणी होती. तो बघत राहिला. तीही बघत राहिली, डोळे न हलवता. ट्रॅक्टरची एक जोडट्रॉली आमच्या मागून धडधडत गेली. मग त्यानं मान खाली घातली, बोट पुन्हा शब्दाखाली ठेवलं, आणि बराच वेळ ते तिथेच राहिलं.

तिनं ‘अक्षर’ या रकान्यात खूण केली. कार्ड परत घेताना तिनं त्याला थँक्यू म्हटलं, नियमात तेवढंच बसतं.

दुसऱ्या नावाची टोळी तिथे नव्हती. चार दिवसांपूर्वी कर्नाटकात गेली, मुकादम म्हणाला, तिकडं दुसऱ्या कारखान्याला. सर्वेताईची वही गाडीच्या डिकीत राहिली होती. तिनं ओढणी सोडली, माझ्याकडून पेन घेतलं आणि त्या टोळीच्या मुकादमाचा फोन नंबर डाव्या तळहातावर उतरवून घेतला.